गाडी ओढत नाही

सोनारीच्या काळभैरवनाथाची यात्रा चैत्रात भरते. ऊन चाळिशीला टेकलेलं असतं आणि परंडा, भूम, करमाळा, बार्शी या चारही बाजूंनी भरलेल्या जीपा, सुमो, छोटे हत्ती गावाकडे येत असतात. सहा महिने शेतावर आणि बाजारात रिकामीच फिरलेली गाडी या दिवसांत पहिल्यांदा पूर्ण भरते, नऊ-दहा माणसं आणि वर नैवेद्याची भांडी. गाडीचं खरं रूप तेव्हा कळतं. यात्रा उलटली की गॅरेजात ठरलेला संवाद होतो.

“मिस्त्री, गाडी ओढंना झालीय.”

“कवापस्नं?”

“तसं काय सांगता येत नाही. हळूहळूच झालंय.”

मालकाला वाटतं, आपण काहीच सांगितलं नाही. मिस्त्रीच्या दृष्टीने मात्र निम्मं काम इथेच झालेलं असतं. काल चालत होती आणि आज अचानक ताकद गेली, तर संशयितांची यादी वेगळी असते. टर्बोचा पाइप निसटला असेल, इग्निशन कॉइल गेली असेल, टायमिंगचा पट्टा एक दात सरकला असेल, किंवा एखादा सेन्सर बिघडल्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःहून ताकद आवरून धरली असेल. हळूहळू गेलेली ताकद बहुधा यांतल्या कशानेही जात नाही. ती साचण्याने, झिजण्याने आणि सैल पडण्याने जाते, आणि या तिन्ही गोष्टी एका वेळी अनेक ठिकाणी चालू असतात.

जुन्या गाडीत म्हणूनच एकच चोर सापडत नाही. एअर फिल्टर थोडा भरलेला असतो, डिझेल फिल्टर थोडा तुंबलेला, टॅपेट थोडे घट्ट झालेले, मागचा एक ब्रेक थोडा धरलेला. प्रत्येकाने फक्त पाच टक्के खाल्ले असं धरा. शंभराचे पंच्याण्णव, पंच्याण्णवचे नव्वद, असं करत चार ठिकाणी मिळून साडेअठरा टक्के ताकद जाते. आता यातली एकच गोष्ट दुरुस्त केली, तर चालवणाऱ्याला पाच टक्क्यांचा फरक जाणवतच नाही. तो म्हणतो, “फिल्टर बदलून बघितला, काही उपयोग झाला नाही.” मग नोझल बदलतो, मग पंप खोलून घेतो, आणि शेवटी कुणीतरी इंजिनच काढायला सांगतं. पैसे जातात ते दोष न सापडल्याने नाही. सापडलेला छोटा दोष क्षुल्लक मानून पुढे गेल्याने जातात.

दुसरी अडचण चालवणाऱ्याच्या पायाची. ताकद महिन्याला थोडी थोडी उतरत असते आणि पाय तेवढाच थोडा थोडा जास्त दाबला जातो. जो चढ पूर्वी चौथ्यात निघायचा तो तिसऱ्यात काढायची सवय कधी लागली, हे रोज गाडी हाकणाऱ्याला सांगता येत नाही. पुण्याहून दिवाळीला आलेला भाऊ मात्र पाच मिनिटांत सांगतो, “अरे, ही एवढी जड कधी झाली?”

गिअरचा हा बदल आकड्यांत पाहण्यासारखा आहे. माणसांसकट बावीसशे किलो भरणारी, साठेक अश्वशक्तीची जुनी डिझेल जीप घ्या. बार्शीकडून येडशीला येताना रामलिंगाच्या घाटात असतात तसल्या चढावर, शंभर मीटरला सहा मीटर उंची धरून, ती ताशी ४० किलोमीटरने चढते आहे. नुसतं वजन वर उचलायला सुमारे १९ अश्वशक्ती लागते. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा धरून २५-२६ होते. गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि मागचा डिफरन्शियल आपापला वाटा खातात, म्हणजे इंजिनाने तीसच्या आसपास द्यायला हवी. चौथ्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेत असतं आणि तिथे ते कागदावरच्या साठपैकी निम्म्याच्या आसपासच ताकद काढू शकतं. तीस लागणार, आणि देता येणार तीस-बत्तीस. जेमतेम भागतं. यातून अठरा टक्के वजा करा, की चौथा गिअर संपला. सपाट रस्त्यावर मात्र त्याच गाडीला त्याच वेगाला दहाएक अश्वशक्ती पुरते, त्यामुळे सोनारी ते परंडा ती झकास चालते आणि मालक म्हणतो, “इथे काही नाही, घाटातच तेवढी मार खाते.”

तेव्हा पहिलं काम पाना उचलण्याचं नाही, मोजण्याचं आहे. पुण्यात एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत इंजिन डायनमोमीटरला जोडून त्याची ताकद मोजतात. आपल्याला रस्ताच डायनमोमीटर म्हणून वापरावा लागतो. सरळ, सपाट, मोकळा असा किलोमीटरभराचा तुकडा पाहून ठेवावा. सकाळी रहदारी नसताना, गाडीत चालवणारा आणि शेजारी मोबाइलवर वेळ घेणारा अशी दोनच माणसं, टाकी अर्धी, एसी बंद. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वर स्थिर करायची, पाय पूर्ण दाबायचा आणि ६० गाठायला किती सेकंद लागले ते लिहायचं. मग उलट्या दिशेने तेच. दोन्हींची सरासरी घ्यायची, म्हणजे वारा आणि नजरेला न दिसणारा उतार यांचा हिशेब आपोआप लागतो. प्रत्येक दिशेने दोन-तीनदा केलं तर उत्तमच. हा आकडा दुसऱ्या गाडीशी ताडून काही हाती लागत नाही. तो त्याच गाडीच्या कालच्या आकड्याशी ताडायचा असतो.

त्यात हवामान सारखं हवं. हा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आहे, म्हणजे मुंबईच्या मानाने हवा पाच टक्के विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाची तेवढी ताकद इथे पहिल्या दिवसापासूनच कमी असते, त्यात बिघाड काही नाही. उष्णतेचा फरक याहून मोठा. डिसेंबरातल्या पहाटेच्या १२ अंशांच्या आणि एप्रिलमधल्या दुपारच्या ४२ अंशांच्या हवेच्या घनतेत साडेनऊ टक्क्यांचा फरक पडतो. यात्रेत जाणवलेल्या अशक्तपणातला मोठा वाटा उन्हाचाच असू शकतो. थंडीत मोजून उन्हाळ्यात ताडणारा माणूस निरोगी इंजिन खोलून बसेल.

मोजून झालं की फुकटातल्या तपासण्या. पहिली इतकी साधी आहे की ती करायची कुणाला लाज वाटते. इंजिन बंद ठेवून एकाने आत बसून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपाचा किंवा कार्ब्युरेटरचा दांडा बघावा. दांडा शेवटच्या स्क्रूला टेकला पाहिजे. जुन्या गाड्यांत केबल ताणलेली असते, बाहेरचं कव्हर दबलेलं असतं, नाहीतर पायाखाली रबरी मॅटवर आणखी एक सतरंजी अंथरलेली असते. दांडा टेकायला बोटभर अंतर उरलं, तर इंजिनाला पूर्ण ताकद कुणी मागितलेलीच नसते.

दुसरी क्लचची. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०ला चालत असताना पाय पूर्ण दाबला आणि इंजिनाचा आवाज वर गेला, पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर इंजिन ताकद देतं आहे आणि क्लच प्लेट ती घसरू देते आहे. सोबत जळका, उग्र वास येतो. इंजिनावर खर्च केलेला एकही रुपया इथे कामाला येणार नाही.

तिसरी चाकांची. पाच-सहा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न लावता, गाडी चालवावी आणि थांबून चारही चाकांच्या डिस्कजवळ हाताचा पंजा न टेकवता धरावा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही, हँडब्रेकची केबल अडकली आहे किंवा व्हील सिलिंडर जाम आहे. टायरमधली हवा याच वेळी बघून टाकावी. सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये एका माणसाच्या रेट्याने जी गाडी हलायची ती हलत नसेल, तर तो पुरावा पुरेसा आहे.

एवढ्यावर काही सापडलं नाही, तर मग इंजिन. इंजिनाला हवा आत यायला हवी, इंधन पुरेसं यायला हवं, ती दोन्ही घट्ट दाबली जायला हवीत, ठिणगी किंवा फवारा वेळेवर पडायला हवा आणि जळलेला वायू अडथळ्याशिवाय बाहेर जायला हवा. यातलं नेमकं काय कमी पडतं आहे याचा पहिला साक्षीदार धूर.

साध्या, कॉम्प्युटर नसलेल्या डिझेल इंजिनासाठी एक नियम लक्षात ठेवावा. चढावर पाय पूर्ण दाबल्यावर काळा धूर आहे आणि ताकद नाही, तर डिझेल येतं आहे पण हवा पुरत नाही, किंवा नोझल नीट फवारा न मारता थेंब टाकत आहेत. धूरही नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलच पोचत नाही. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मी यादी कापली जाते. निळा धूर ऑइल जळत असल्याचा. सकाळी बराच वेळ पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर राहिला, तर डिझेल आत जातं आहे पण पेटत नाही, म्हणजे दाब कमी आहे किंवा पंपाचं टायमिंग मागे पडलं आहे. म्हणून चढावर मागे दुसऱ्या गाडीत कुणालातरी बसवावं. चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचा धूर दिसत नाही, आणि दिसला तरी तो कबूल करत नाही.

हवेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण या भागात हवेचा प्रश्न शहरापेक्षा वेगळा आहे. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे अकरा किलो हवा लागते, म्हणजे नऊ ते दहा हजार लिटर. डिझेल इंजिन तर त्याहून जास्त हवा ओढतं. काळ्या रानातली वाट, पुढे उसाच्या ट्रॉल्या, कारखान्याचा हंगाम चालू. सोनारीत साखर कारखाना असल्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे काही महिने हे असंच असतं. ट्रॉलीमागे चालणाऱ्या गाडीचा फिल्टर तितक्याच किलोमीटरला पुण्यातल्या गाडीच्या कितीतरी पट धूळ खातो. गाडीच्या पुस्तकात फिल्टर बदलायचा जो किलोमीटरचा आकडा असतो त्याच्याच शेजारी ‘धुळीच्या भागात लवकर’ असंही छापलेलं असतं, आणि ते कुणी वाचत नाही.

भरलेला फिल्टर काय करतो यावर एक चांगली मोजणी झालेली आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत मुद्दाम तुंबवलेले फिल्टर घालून पाहिलं. अ‍ॅव्हरेज जवळजवळ हललंच नाही, कारण कमी हवेच्या हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. पण पूर्ण पाय दाबल्यावर वेग घ्यायला लागणारा वेळ सहा ते अकरा टक्क्यांनी वाढला. ‘अ‍ॅव्हरेज चांगलं आहे, म्हणजे फिल्टर चांगला’ हे गॅरेजातलं अनुमान तेव्हा नव्या गाड्यांना लागू पडत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीला, म्हणजे जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी, ते बऱ्यापैकी लागू पडतं. तिथे तुंबलेल्या फिल्टरने मिश्रण घट्ट होतं, पेट्रोलही जास्त जातं आणि प्लग काळे पडतात.

फिल्टर तपासायची रीत अशी. कागदी फिल्टर बाहेर काढून आतल्या बाजूला बल्ब किंवा मोबाइलची टॉर्च धरायची आणि अंधारात बाहेरून बघायचं. घड्यांमधून प्रकाश सगळीकडे सारखा झिरपला पाहिजे. काळे पट्टे दिसले तर भरलाय. एखाद्या ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढा लख्ख ठिपका दिसला तर कागद फाटलाय, आणि हे भरण्यापेक्षा वाईट. भरलेला फिल्टर ताकद चोरतो, पण ती परत मिळते. फाटक्या फिल्टरमधून गेलेली बारीक वाळूसारखी धूळ ऑइलमध्ये मिसळून पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासत राहते. ती ताकद इंजिनाचं काम काढल्याशिवाय परत येत नाही. आणि हे फाटणं बहुतेक वेळा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने होतं. नळी कागदाला टेकवून पूर्ण दाबाने हवा मारली की घड्या उसवतात. मारायचीच तर लांबून, कमी दाबाने आणि आतून बाहेर. मी म्हणेन, मारूच नये, नवा घालावा. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरला ऑइलच्या भांड्याचा क्लीनर असतो, तो या धुळीला खरं तर जास्त मानवतो, पण त्यातलं ऑइल चिखल होईपर्यंत कुणी बदलत नाही.

फिल्टरच्या पुढे इंजिनापर्यंतचा रबरी पाइप हाताने दाबून बघावा. चिरलेला असेल तर धूळ थेट आत जाते. मऊ पडलेला असेल तर जोरात हवा ओढताना तो आतल्या आत चपटा होतो, आणि उभ्या गाडीत तपासताना अगदी ठणठणीत दिसतो. टर्बोच्या गाडीत इंटरकूलरचे पाइप बघावेत. जोडापाशी तेलकट, धुळीने चिकटलेला काळा डाग दिसला, तर हवेचा दाब तिथून पळतो आहे. टर्बोची शिट्टी पूर्वीपेक्षा मोठी किंवा फुसफुसणारी झाली असेल, तर आधी हे पाइप आणि व्हॅक्यूमच्या नळ्या बघाव्यात. टर्बो बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.

आता डिझेल. धूर नाही, ताकद नाही, तर टाकीपासून निघावं. टाकीच्या तळाची जाळी, पाइप, हातपंप, फिल्टर, मग मोठा पंप. फिल्टर तुंबला की रिकाम्या गाडीला काही कळत नाही, कारण सपाटीवर लागणारं डिझेल थोडं असतं. लांब चढावर गाडी आधी नीट ओढते, मग अर्ध्यातून दम टाकते, आणि दोन मिनिटं थांबलं की पुन्हा नीट निघते. हे लक्षण नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. फिल्टरच्या खालच्या नळीतून पाणी काढायची सोय असते. पावसाळ्यात ते महिन्यातून एकदा बाटलीत काढून बघावं, पाणी तळाला वेगळं दिसतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी फार वेळ स्टार्टर मारल्यावर सुरू होत असेल, तर पाइपात कुठेतरी हवा शिरते आहे. फिल्टर आणि पंप यांच्या मधे तात्पुरती पारदर्शक नळी लावली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. शंभर रुपयांच्या आतल्या नळीने आणि तांब्याच्या दोन वॉशरनी पुष्कळ ‘पंपाची कामं’ वाचतात. बार्शीसारख्या बाजाराच्या गावी पंप आणि नोझल काढून मशिनवर तपासून घेता येतात, आणि नोझल तपासून घ्यायलाच हवेत. पण फिल्टर, जाळी आणि पाइप झाल्याशिवाय पंप काढू देऊ नये.

पेट्रोलच्या जुन्या गाडीत जाळी-फिल्टरची हीच कथा, त्यात आता इथेनॉलची भर. आपल्या उसातूनच निघणारं हे इंधन २०२५पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत गेलं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून वीस टक्क्यांच्या मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने पेट्रोल थोडं जास्त सोडून बरीचशी ताकद सांभाळते, मार बसतो तो मुख्यतः अ‍ॅव्हरेजला. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. त्याच्या जेटचं भोक पूर्वीच्या पेट्रोलसाठी कातलेलं असतं, मिश्रण पातळ पडतं, आणि पाय दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळून मग उचलते. शिवाय इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं साचलेला डिंकासारखा थर सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये आणून टाकतं. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि मऊ पडतात. पंधरा वर्षं उलटलेल्या, पुन्हा पासिंग करून चालवलेल्या एमएच २५ पासिंगच्या मारुती ८००चा पेट्रोल फिल्टर आणि सगळ्या रबरी नळ्या एकदा बदलून टाकणं हा मला वायफळ खर्च वाटत नाही.

ठिणगीबद्दल थोडक्यात. प्लग आणि वायर खराब झाले की गाडी बहुतेक वेळा नुसती मंद होत नाही, मिसिंग मारते, झटके देते. अपवाद डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांचा. तिथे पॉइंटची फट कमी होत जाते, टायमिंग हळूहळू मागे सरकतं, आणि झटका न बसता ताकद जाते. टॅपेटचंही तसंच, सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या ओम्नीत तर विशेष. वॉल्व्हची बैठक झिजली की टॅपेटची फट वाढत नाही, कमी होते, त्यामुळे खडखड ऐकू येत नाही. इंजिन उलट जास्त शांत होतं आणि मालक खूश असतो. वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब गळतो, आणि शेवटी कडा जळते. गॅसवर मुळातच दहा टक्क्यांच्या आसपास ताकद कमी मिळते. म्हणून अशी गाडी मोजताना एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर मोजावी.

धूर बाहेर पडण्याचा मार्ग लोक विसरतात. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आतली मधमाशीच्या पोळ्यासारखी वीट ऑइल जळणाऱ्या किंवा मिसिंग मारणाऱ्या इंजिनाने वितळून बुजते. गाडी रिकामी असताना ठीक, वेग घेताना मात्र कुणी मागून धरल्यासारखी. इनटेक पाइपला व्हॅक्यूम गेज लावून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरलं आणि काटा मिनिटभरात हळूहळू खाली येऊ लागला, तर बाहेर पडायची वाट बुजलेली आहे. डिझेलमध्ये, २००७ नंतर आलेल्या स्विफ्टसारख्या कॉमन रेल गाड्यांत, उलट इनटेकच बुजतो. ईजीआर वॉल्व्ह धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडतो, त्यात इंजिनाच्या श्वासातलं तेल मिसळतं, आणि पाइपच्या भिंतीवर डांबरासारखा काळा, मऊ लेप बसतो. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीचा हा पाइप खोलून बघितला तर दोन बोटं सहज जावीत अशा भोकात कधी कधी एकच बोट जातं. बॉनेटखालचं हे काम वेळखाऊ आणि घाणेरडं आहे, पार्ट मात्र फारसा लागत नाही. म्हणूनच बहुतेक मिस्त्री ते टाळतात आणि पार्ट बदलायचं सुचवतात.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत मराठवाड्यात सर्रास आहे. मग इंजिन कधीच पुरेसं तापत नाही. इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर समजतो की गाडी अजून थंड आहे, आणि जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइल जाड राहतं, रिंगा लवकर झिजतात. रेडिएटर साफ करून घेण्याऐवजी थर्मोस्टॅट काढणं म्हणजे दोष दुसऱ्या खिशात ठेवणं.

एवढं सगळं झाल्यावर दाबाकडे यावं. ऑइल भरायचं झाकण इंजिन चालू असताना सैल करून वर नुसतं ठेवावं. ते जागेवर थरथरलं तर ठीक, उडू लागलं आणि खालून फुसफुस धूर आला, तर रिंगांमधून वायू खाली उतरतो आहे. मग कॉम्प्रेशन गेज. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १८० पौंड, डिझेलमध्ये ३५० ते ४५०, आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सगळ्या सिलिंडरांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. पेट्रोल इंजिनात एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा वर गेला तर रिंगा आणि बोअर, नाही गेला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील, तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटलेलं असण्याचा संभव मोठा. डिझेलमध्ये ही ऑइलची चाचणी करू नये. तिथे जागा इतकी थोडी असते की द्रव दाबला जाऊन कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

सगळेच आकडे सारख्या प्रमाणात थोडे खाली असतील, धूर फारसा नसेल आणि ऑइल दोन सर्व्हिसच्या मधे टॉप-अप करावं लागत नसेल, तर माझं मत इंजिन खोलू नये असंच आहे. त्या इंजिनाने दहा टक्के वयाला दिले आहेत, बाकीचे दहा-बारा टक्के फिल्टर, नळ्या, टॅपेट आणि ब्रेकमधून परत मिळतात. एकेक काम झालं की त्याच तुकड्यावर सकाळी पुन्हा वेळ घ्यावी. चार सेकंदांचा फरक एकदम दिसणार नाही, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने येईल. एकच सिलिंडर मेलेला असेल तर मात्र खोलायलाच हवं. तेव्हा हेड उतरण्याआधी सगळ्या सिलिंडरांचे आकडे मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्यावेत, आणि काम झाल्यावर, हजार किलोमीटर चालवून, त्याच गेजने पुन्हा.